दहा जणांचा दवाखाना

‘डॉक्टर, पंप नको. त्याची सवय लागते म्हणतात. गोळीच द्या.’

दम्याच्या रुग्णांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचे उत्तरही मला तोंडपाठ झाले आहे. मी ते उत्तर देतो, रुग्ण मान डोलावतो, चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो आणि औषधांच्या दुकानात जाऊन पुन्हा गोळीच मागतो. डॉक्टरने सांगितले आणि रुग्णाने ऐकले, एवढ्याने दमा आटोक्यात येत नाही. हे कळायला मला बरीच वर्षे लागली. ते कसे कळले आणि त्यातून आम्ही काय सुरू केले, ते आज सांगतो.

माझ्याकडे नऊ वर्षे येणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. मोठे शिस्तीचे. ठरल्या तारखेला येणार, चिठ्ठ्यांची फाईल नीट लावलेली, औषधात खंड नाही. तरीही दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांचा दमा उसळायचा. मी औषध वाढवायचो. एका ऑक्टोबरमध्ये रात्री दोन वाजता मुलांनी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून आणले. ओठ काळेनिळे झालेले, एक शब्द बोलायला एक श्वास लागत होता. पहाटेपर्यंत मी त्यांच्या खाटेजवळून हललो नाही. ती रात्र कशीबशी निभावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना बरे वाटू लागल्यावर मी सहज म्हटले, ‘गुरुजी, पंप कसा घेता, दाखवा बरं.’ त्यांनी टोपण काढले, तोंड उघडले, जिभेवर फवारा मारला आणि घोट गिळावा तसा तो गिळून टाकला. जे औषध फुफ्फुसात जायचे, ते नऊ वर्षे पोटात जात होते!

नऊ वर्षे मी त्यांना ‘पंप घेता ना?’ असे विचारत होतो. ते ‘घेतो’ म्हणत होते आणि ते खरेच होते. ‘कसा घेता?’ हे मात्र मी एकदाही विचारले नव्हते. चूक गुरुजींची नव्हती.

दोन दुखणी, दोन औषधे

दम्यात नेमके काय होते, ते आधी थोडक्यात पाहू. आपल्या श्वासनलिकांना आतून नाजूक अस्तर असते आणि बाहेरून स्नायूंचे वेढे असतात. दम्याच्या रुग्णात या अस्तराला कायमची सूज असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी असे काही निमित्त झाले, की स्नायू आवळतात, नलिका अरुंद होते आणि छातीत सूं-सूं आवाज येऊ लागतो. म्हणजे दुखणी दोन आहेत, एक आवळणे आणि दुसरी सूज.

सॅल्ब्युटॅमॉलचा पंप, जो बहुतेकांकडे निळ्या रंगाचा असतो, तो आवळलेले स्नायू सैल करतो. काही मिनिटांत बरे वाटते, म्हणून तो सर्वांचा लाडका. पण सुजेवर त्याचा काही उपयोग नाही. सूज उतरवते ते श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड. त्याचा परिणाम हळूहळू दिसतो, म्हणून ते नावडते. नुसत्या निळ्या पंपावर राहणारा रुग्ण म्हणजे घराला वाळवी लागलेली असताना वरून रंग देत बसणारा माणूस. जगभरच्या दमातज्ज्ञांच्या ‘जिना’ या संघटनेने २०१९ पासून स्पष्टच सांगितले आहे, की मोठ्या माणसांना नुसत्या तात्पुरत्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये, सूज उतरवणारे औषध प्रत्येकाला मिळालेच पाहिजे. दोन्ही औषधे एकाच पंपात असलेले प्रकारही आता सर्रास मिळतात.

स्टिरॉइड म्हटले की लोक दचकतात. त्यांच्यासाठी एक साधा हिशेब. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण २०० मायक्रोग्रॅम औषध असते. स्टिरॉइडच्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ५००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधे वेगवेगळी आहेत, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत नव्हे. पण ज्याला पंप ‘कडक’ वाटतो आणि गोळी ‘साधी’ वाटते, त्याचा समज किती उलटा आहे, एवढे यावरून ध्यानात यावे.

आता हे सगळे एका रुग्णाला समजावून सांगायचे, त्याच्याकडून पंप ओढून घ्यायचा, घरात कशाचा त्रास होतो ते विचारायचे, भीती काढायची आणि छातीही तपासायची, याला किती वेळ लागेल? निदान अर्धा तास. बाजारच्या दिवशी बाहेर साठ माणसे बसलेली असताना मला एकामागे पाच मिनिटे मिळतात. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के आपल्या देशात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात. औषधे आपल्याकडे नाहीत असे नाही. ती योग्य माणसापर्यंत, योग्य रीतीने आणि रोज पोहोचत नाहीत.

जुनी युक्ती

पाच मिनिटांच्या या कोंडीतून वाट काढणारी एक पद्धत आहे. एकाच आजाराच्या आठ-दहा रुग्णांना एकत्र बोलावायचे आणि त्यांना दीड तास एकत्र तपासायचे. तिला आपण ‘गट-तपासणी’ म्हणू. दहा जणांना पाच-पाच मिनिटे दिली तर पन्नास मिनिटे जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाचच मिनिटे येतात. तेच दहा जण दीड तास एकत्र बसले तर प्रत्येकाला पुरा दीड तास मिळतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत बोस्टनला १९०५ साली डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचा असा ‘वर्ग’ सुरू केला होता. आरोग्यधामाचा खर्च न परवडणारे रुग्ण आठवड्यातून एकदा जमत, आपापली रोजची वही दाखवत, वजन करून घेत आणि एकमेकांना धीर देत. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेतच कोलोरॅडो राज्यात डॉ. जॉन स्कॉट यांनी वृद्ध रुग्णांसाठी दरमहा गट-तपासणी सुरू केली. आपल्या देशात पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात काचबिंदूच्या रुग्णांना अशा रीतीने गटाने तपासण्याचा मोठा प्रयोग झाला आहे. मधुमेहात या पद्धतीचा अनुभव सर्वांत जास्त आहे. मोठ्या माणसांच्या दम्यात तसे अभ्यास थोडे आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण दमा हा रोज सांभाळायचा आजार आहे, आणि सांभाळायची विद्या माणूस दुसऱ्याचे पाहूनच शिकतो.

शनिवारची बैठक

गुरुजींच्या त्या रात्रीनंतर आम्ही महिन्यातला पहिला शनिवार ठरवला. दुपारी चार वाजता दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दहा खुर्च्या गोल मांडल्या. टेबल मध्ये ठेवले नाही. पहिल्याच दिवशी एक नियम सर्वांनी कबूल केला, की इथे ऐकलेले इथेच राहील.

ही बैठक म्हणजे व्याख्यान नव्हे आणि शिबिरही नव्हे. आल्याबरोबर सिस्टर प्रत्येकाची नाडी, रक्तदाब आणि बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघतात. मग प्रत्येक जण फुंकायच्या मीटरमध्ये, म्हणजे पीक फ्लो मीटरमध्ये, तीनदा जोराने फुंकतो आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा आपल्या वहीत लिहितो. नळी ज्याची त्याची वेगळी. तब्येत उत्तम असतानाचा आपला सर्वांत चांगला आकडा प्रत्येकाने पाठ करायचा. समजा तो ४०० आहे. मग ३२० च्या वर, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर असाल तर ठीक. ३२० ते २०० मध्ये असाल तर सावध व्हायचे आणि ठरलेले औषध वाढवायचे. २०० च्या खाली, म्हणजे निम्म्याहून कमी झाला तर दवाखाना गाठायचा.

त्यानंतर गेल्या चार आठवड्यांबद्दल चार प्रश्न. वाचकांनीही ते कापून ठेवावेत:

१. दिवसा दम लागणे किंवा छातीत घरघर होणे, हे आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाले का?
२. दम्यामुळे रात्री जाग आली का?
३. आराम देणारा निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा घ्यावा लागला का?
४. दम्यामुळे एखादे काम टाळावे लागले का?

चारही उत्तरे ‘नाही’ असतील तर दमा आटोक्यात आहे. एक-दोन ‘हो’ असतील तर अर्धामुर्धा आटोक्यात. तीन-चार ‘हो’ असतील तर दमा मोकाट सुटला आहे असे समजावे. गंमत अशी, की ‘कसे काय?’ असे विचारले की सगळे ‘बरे आहे’ म्हणतात. चार प्रश्न विचारले की ‘बरे’ कोण ते कळते.

माझे काम मधल्या वेळात चालते. शेजारच्या खोलीत पडद्याआड एकेकाला बोलावून छाती तपासतो, चिठ्ठी बदलायची असेल तर बदलतो. ज्याला चारचौघांत सांगता येत नाही, ते तो तिथे सांगतो.

पंपाची परीक्षा

पहिल्या बैठकीला मी प्रत्येकाला आपला पंप घेऊन दाखवायला लावले. बिनचूक दोघांचाच निघाला. कोणी पंप हलवत नव्हते, कोणी दाबून झाल्यावर श्वास घेत होते, तर एका काकांनी पावडरच्या कॅप्सूल चक्क पाण्याबरोबर गिळल्या होत्या. मी समजावण्याआधीच शेजारच्या ताईंनी त्यांना यंत्रात कॅप्सूल घालून दाखवली. डॉक्टरने चूक दाखवली की माणूस ओशाळतो, बरोबरीच्याने दाखवली की हसतो आणि सुधारतो.

फवाऱ्याच्या पंपाची योग्य रीत अशी. ताठ बसा. पंप चांगला हलवा. श्वास पूर्ण सोडा. पंप ओठांत घट्ट धरा. आता हळूहळू खोल श्वास घ्यायला लागा आणि लागताक्षणी एकदाच दाबा. श्वास आत घेतच राहा. मग तोंड मिटून मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा आणि पुन्हा हलवा. स्टिरॉइड असेल तर शेवटी चूळ भरून थुंका, म्हणजे तोंड येत नाही. दाबणे आणि ओढणे जमत नसेल तर स्पेसर नावाची प्लास्टिकची नळकांडी लावून सावकाश चार-पाच श्वास घ्यावेत. त्यात कमीपणा काही नाही. पावडरच्या यंत्रात मात्र रीत उलटी, तिथे हळू नव्हे, जोरात आणि खोल ओढायचे आणि यंत्रात कधीही फुंकायचे नाही.

एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने त्या दिवशी सगळ्यांना एक युक्ती दिली. ‘पंपात २०० फवारे असतात. रोजचे चार म्हणजे पन्नास दिवस. मी पंप उघडतो त्या दिवशीच त्यावर संपायची तारीख लिहितो.’ पंप हलवल्यावर खुळखुळतो म्हणून त्यात औषध आहे, असे समजून रिकामा पंप ओढणारे दोघे जण तिथेच बसले होते. त्यांनी लगेच खिशातून पेन काढले.

बोलता बोलता

खरे औषध मात्र पुढच्या बोलण्यात होते. एक तरुण वहिनी शिवणकाम करतात. दुसऱ्या बैठकीत त्या खालमानेने म्हणाल्या, ‘सासरी कुणाला माहीत नाही. मी न्हाणीघरात जाऊन पंप घेते. सकाळी गर्दी असली तर राहून जातो.’ मी काही बोलण्याआधीच सत्तरीच्या एका आजींनी पिशवीतून आपला पंप काढला. ‘हे बघ बाई. माझा देव्हाऱ्याशेजारी असतो. उदबत्ती बंद केली आणि त्या जागी पंप ठेवला. देव काही रागावला नाही. पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन ये, मी बोलते.’ पुढच्या शनिवारी सासूबाई खरोखरच आल्या. आजी त्यांच्याशी काय बोलल्या, मला ठाऊक नाही. वहिनींचा पंप आता शिलाई मशीनच्या खणात असतो. चार प्रश्नांपैकी त्यांचे तीन ‘हो’ होते, आता एकही नाही.

कोजागिरीच्या खिरीतल्या औषधाचा विषयही निघालाच. एक मामा दरवर्षी ते घ्यायला जातात. कोणी त्यांची थट्टा करू लागले, तेव्हा मी थांबवले. एवढेच विचारले, ‘मामा, खीर घेतल्यावर पंप बंद करता का?’ ‘महिनाभर करतो.’ ‘आणि मग?’ मामा हसले. ‘मग दिवाळीत तुमच्याकडे ॲडमिट.’ आता ते खीर खातात, पण पंप सोडत नाहीत. श्रद्धेवर वाद घातला असता तर मामा पुन्हा आलेच नसते.

सर्वांत मोठा धडा गटाने मलाच दिला. आपापल्या वहीतले आकडे सगळ्यांनी मोठ्याने वाचले, तेव्हा लक्षात आले, की चौघांचे आकडे एकाच आठवड्यात पडले आहेत. त्यात गुरुजीही होते. चौघांची घरे वेगळी, धंदे वेगळे. मग एक जण म्हणाला, ‘अहो, आमच्या वस्तीमागेच सोयाबीनचं मळणीयंत्र चालतं.’ चौघेही त्याच बाजूचे निघाले! गुरुजींचा दसरा-दिवाळीचा दमा मी नऊ वर्षे हवापालटाच्या नावावर खपवत होतो.

हे वाचताना एक जुनी हकिकत आठवली. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून एकाच दिवशी दम्याचे पुष्कळ रुग्ण रुग्णालयांत धाव घेत. एकेका रुग्णाकडे पाहून कारण सापडेना. सगळ्यांच्या तारखा एकत्र मांडल्या, तेव्हा उलगडा झाला, की बंदरावर सोयाबीन उतरवून साठवणीच्या कोठारात भरले जाई, त्याच दिवशी दम्याची लाट येई. कोठाराला धूळ अडवणारी गाळणी बसवल्यावर लाटा थांबल्या. आम्ही मळणी थांबवू शकत नाही, ते शेतकऱ्याचे पोट आहे. पण आता मळणीचे दिवस जवळ आले की चौघेही रोजचे औषध न चुकता घेतात, खिडक्या लावतात, नाकावर नीट बसणारा मास्क बांधतात आणि मळणीवाला दोन दिवस आधी गुरुजींना निरोप देतो.

हे पथ्य पाळावे

गट-तपासणी सगळ्यांसाठी नाही. ज्याला आत्ता धाप लागली आहे, त्याने बैठकीची वाट पाहू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, ताप किंवा वजन घटणे असेल, तर आधी थुंकी तपासून क्षय नाही याची खात्री करावी, मगच गटात यावे. सर्दी-ताप असेल त्या महिन्यात घरी राहावे. २०२० च्या कोरोना साथीत अशा बैठका अनेक ठिकाणी बंद ठेवाव्या लागल्या, ते विसरून चालणार नाही. खोलीला खिडक्या हव्यात. कोणावर बोलण्याची सक्ती नको, आणि एकानेच दीड तास बोलू नये, हे डॉक्टरने पाहावे. डॉक्टरलाही ते लागू आहे, हे मला सिस्टरनी दोनदा सुनावले आहे.

जवळ गट नसला तरी तीन गोष्टी आजच करता येतील. पुढच्या खेपेला पंप सोबत न्या आणि ‘मी बरोबर घेतो का, बघा’ असे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. वरचे चार प्रश्न स्वतःला विचारा. आणि गल्लीत दुसरा कोणी दमेकरी असेल तर त्याच्याशी बोला, दोघांचाही गट होतो. ग्रामीण रुग्णालयातले किंवा खासगी डॉक्टर हे वाचत असतील, तर त्यांना माझे सांगणे एवढेच, की दहा खुर्च्या आणि एक मीटर असले तरी सुरुवात होते.

आणि हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, ग्लानी येत असेल किंवा निळ्या पंपाने आराम पडत नसेल, तर त्याला आडवे न करता बसते ठेवा. स्पेसरमधून एक-एक करून चार फवारे द्या आणि लगेच दवाखान्याकडे निघा. सकाळची वाट पाहू नका.

गुरुजी आता आमच्या गटातले पंपाचे परीक्षक आहेत. नवा माणूस आला, की मी सांगण्याआधीच ते खुर्ची पुढे ओढतात आणि म्हणतात, ‘पंप घेता हे कळलं. कसा घेता, ते दाखवा.’